लँपिलाची सही

पाटीचा खुंट काही केल्या निघेना. रेइनो लँपिलाने तो दोन्ही हातांनी धरला, गुडघे वाकवले आणि खेकड्यांचा पिंजरा ओढावा तसा जोर लावला, तेव्हा कुठे तो चिखलासकट बाहेर आला आणि रेइनो दोन पावलं मागे जाऊन त्याच्या जुन्या दोस्तावर, व्हर्नवर, आदळला.

"सावकाश, म्हातार्‍या," व्हर्न म्हणाला. "निकाल लागायचाय अजून. त्याआधीच मेलास तर एवढी मतं कुणाच्या डोक्यावर घालू?"

पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बंदर मंडळावर पुन्हा रेइनो लँपिला'. पाटी नवी नव्हती. सहा वर्षांपूर्वीच्या, बारा वर्षांपूर्वीच्या पाट्या दर वेळी गॅरेजमधून निघत, पुसल्या जात आणि परत ठोकल्या जात. पोर्ट ऑल्डनचं बंदर तीन जणांचं मंडळ चालवतं आणि त्या तिघांना गाव निवडून देतं. त्यातली एक खुर्ची चोवीस वर्षं रेइनोच्या बुडाखाली होती. या वर्षी पहिल्यांदाच ती डगमगत होती.

मतदान होऊन तीन आठवडे होत आले होते. इथे मतं टपालाने येतात, त्यामुळे मोजणी रेंगाळते. रोज दुपारी जिल्ह्याची निवडणूक कचेरी नवे आकडे लावायची आणि रोज दुपारी व्हर्न खिशातून फोन काढून चष्मा कपाळावर सरकवायचा. आजही त्याने तसंच केलं.

"अठराशे एकसष्ट," तो म्हणाला. "आणि शेल्बी व्हॉस, अठराशे एकसष्ट."

"कालही तेवढेच होते."

"आज सगळं मोजून झालंय. एकच पाकीट राहिलंय. सही जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलेलं."

एक पाकीट. जानेवारीत मंडळापुढे बोटी ओढायच्या रुळाचा प्रश्न येणार होता. समुद्रातून बोट थेट वर ओढून घेणारा, ऐंशी वर्षं जुना, कुरकुरणारा रूळ. तो काढून तिथे चाकांची नवी उचलगाडी आणायची असं शेल्बी म्हणत होती आणि रूळ राहिला पाहिजे असं रेइनो म्हणत होता. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं सांगायचं तर फेब्रुवारीत बायको, अर्लीन, वारल्यापासून त्याला सकाळी उठून जायला ती एकच जागा उरली होती. ती जागा गेली की सगळा दिवस स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर बसून काढावा लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कुणाचं पाकीट?" त्याने विचारलं. "नाव असतं ना यादीत?"

व्हर्नने बोटाने फोन वर सरकवला. मग तो पिकअपच्या मागच्या फळीवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"अरे बोल की!"

"तुझं," व्हर्न डोळे पुसत म्हणाला. "तुझं पाकीट आहे, गाढवा."

*

निवडणूक कचेरीची दोन पत्रं घरीच होती. फळांच्या परातीत, विजेची बिलं आणि बियाण्यांच्या जाहिराती यांच्या मधोमध, न उघडलेली. टपाल हे खातं अर्लीनचं. टपालच काय, ज्या ज्या गोष्टीवर काही लिहायचं असे ते सगळं तिचंच. मासेमारीचे परवाने, विम्याचे कागद, पोरींच्या शाळेची पत्रं. ती स्वतः शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं नोकरीला होती आणि गावातल्या अर्ध्या लोकांच्या लहानपणी उशिरा आल्याच्या चिठ्ठ्या तिच्याच अक्षरात लिहिल्या गेल्या होत्या. निवडणूक आली की टेबलावर ती मतपत्रिका त्याच्यापुढे ठेवायची, तो काळ्या शाईने गोल भरायचा आणि कागद तिच्याकडे सरकवून कॉफीला उठायचा. पुढे पाकिटाचं काय होतं हे त्याने कधी विचारलं नाही. ऑगस्टमधल्या मतदानात बंदराची जागा नव्हती, तेव्हा त्याने पाकीट उघडलंही नव्हतं. या वेळी मात्र स्वतःच सगळं केलं, चिकटवलं आणि पाकिटावर सहीसाठी ओळ दिसली तिथे सही ठोकून दिली.

कचेरी पंधरा मैलांवर, जिल्ह्याच्या गावी होती. काउंटरवर नोरीन होती. पन्नाशीची, नाकावर घसरलेला चष्मा आणि अंगावर हाताने विणलेला हिरवा स्वेटर. तिचे वडील मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होते आणि ती पोर्ट ऑल्डनच्याच शाळेत शिकली होती.

"आलात का, कॅप्टन!" ती म्हणाली. "मी म्हटलं आता तुम्हाला आणायला पोलीस पाठवावे लागतात की काय. दोन पत्रं पाठवली."

"टपाल बघायची सवय नाही."

"बंदराच्या प्रत्येक इतिवृत्तावर सही असते तुमची आणि तुमचीच सही आम्हाला जुळत नाही. काय म्हणावं याला?" तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा. ही तुमच्या पाकिटावरची."

ती त्याचीच होती. एक मोठा 'आर', पुढे घाईत ओढलेली रेघ, रेघेच्या शेवटी टिंब.

"आणि या आमच्या नोंदीतल्या, जुन्या पाकिटांवरच्या."

पडद्यावर एकाखाली एक सह्या आल्या. शेजारी तारखा. रेइनोने चष्मा लावला. प्रत्येक सहीत त्याचं पूर्ण नाव होतं, एक अक्षरही न गाळता, सगळं एका संथ तिरक्या ओळीत, कागदावरून पेन न उचलता. आडनावाच्या पहिल्या अक्षराला वर छानसा डौलदार फास होता. हे अक्षर त्याला जितकं ओळखीचं होतं तितकं स्वतःचंही नव्हतं. खालच्या बाजूला गेल्या वर्षीची सही होती. तिच्यात तो फास थरथरला होता आणि ओळ शेवटी थोडी खाली उतरली होती. तेव्हा अर्लीनला चमचा धरतानाही त्रास व्हायचा. त्याने विचारलं होतं, मी करू का काही, आणि ती म्हणाली होती, तू कॉफी कर.

"सही बदललीय तुमची," नोरीन म्हणाली. हे ती पडद्याकडे बघत म्हणाली.

रेइनोची नजर वर वर गेली आणि सगळ्यांत जुन्या ओळीवर थांबली. सन एकोणीसशे नव्याण्णव, बावीस ऑक्टोबर.

बावीस ऑक्टोबरला तो अलास्कात होता. आठ-आठ दिवस झोप नाही, डेकवर बर्फ, हातमोज्यांत बोटं सुजलेली. तिथे नोव्हेंबरात वायरलेसवरून अर्लीनचा आवाज आला होता, खरखरत, तुटत, "निवडून आलास. एका मताने." हा किस्सा त्याने नंतर हजार वेळा सांगितला होता. शाळेत, प्रचारात, कॉफीच्या टेबलावर. 'एका मताने आलो आणि ते माझं स्वतःचं होतं, तेव्हा मत वाया घालवू नका.' सप्टेंबरात निघताना अर्लीनने ढीगभर कागद पुढे केले होते, त्यातच मतपत्रिकाही असेल, असं तो धरून चालला होता. मतपत्रिका ऑक्टोबरच्या मध्याला छापून येते, हे मंडळावर चोवीस वर्षं बसलेल्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. त्याने दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

नोरीनने एक अर्ज काउंटरवर ठेवला.

"नियम सांगते. इथे सही करायची. पाकिटावरच्या सहीशी जुळली किंवा नोंदीतल्या सहीशी जुळली, कुठल्याही एकीशी, की तुमचं मत मोजलं जातं. पाकिटावरच्यासारखी केलीत तर खाली फरकाचं कारण लिहायचं, शपथेवर. आजार, वय, हाताची दुखापत, काय असेल ते. मग जुन्या सह्या नोंदीतून काढून आम्ही ही नवी ठेवतो."

"काढून म्हणजे?"

"काढून म्हणजे जातात त्या."

"आणि जुन्यासारखी केली तर?"

"तर कारण नको, काही नको. आहेत त्या राहतात." तिने अर्जाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "कुठल्याच सहीशी जुळली नाही तर मात्र मत बाद. दुसरा अर्ज देता येत नाही. मग समसमान मतं म्हणून नाणं उडवायचं."

रेइनोने पेन उचललं. 'आर' काढून रेघ ओढायची, दोन सेकंदांचं काम. पण त्या खाली शपथेवर काय लिहायचं? हात दुखावला होता म्हणून चोवीस वर्षं सुंदर अक्षर येत होतं आणि बरा झाल्यावर असं आलं? की सरळ लिहायचं की या सगळ्या सह्या माझ्या बायकोने केल्या, पहिल्या निवडणुकीचं ते एक मतसुद्धा? म्हणजे उद्या गावात कॉफीच्या प्रत्येक टेबलावर अर्लीनचं नाव. बिचारी उत्तर द्यायलाही नाही.

त्याने पेन खाली ठेवलं.

"कधीपर्यंत चालेल?"

"उद्या साडेचार. पण कॅप्टन, आत्ताच करून टाका ना."

"उद्या येतो," तो म्हणाला आणि अर्ज घडी करून आतल्या खिशात ठेवला.

*

दुपार कलल्यावर तो स्वयंपाकघरात बसला होता तेव्हा मागच्या दारावर टकटक झाली. शेल्बी व्हॉस होती. एकेचाळीस वर्षांची, शीतगृहाची व्यवस्थापक, पायात गमबूट. तिचा बाप डेल सोळा वर्षं रेइनोच्या हाताखाली डेकवर होता आणि ही पोरगी तेव्हा बापाला न्यायला धक्क्यावर यायची, दोन वेण्या घालून.

"आत ये."

"नको, बुटांना चिखल आहे." ती उंबर्‍यातच उभी राहिली. "काका, सही केलीत का?"

"गावभर झालं वाटतं."

"व्हर्नकाकांनी कॅफेत सांगितलं. उभं राहून, टाळ्या वाजवून."

"मग तुला काय? मी सही नाही केली तर नाणं उडेल. निम्मी खुर्ची तुझी झालीच."

"मला नाण्यावर नकोय," शेल्बी म्हणाली. "लोक सहा वर्षं तेच बोलतील. हरवायचं तर मला तुम्हालाच हरवायचंय आणि हरायचं तर तुमच्याकडूनच हरायचंय. पण तुम्ही टपाल उघडत नाही म्हणून मी निवडून आले, असं नको."

"तुझ्या त्या रुळाचा निकाल लागतोय त्यात."

"माझा नाही, तुमचा. माझी उचलगाडी." ती हसली. मग तिची नजर टेबलावर गेली. टेबलावर धुरी दिलेल्या सॅमन माशाच्या बरण्या एका ओळीत मांडल्या होत्या, अकरा, आणि प्रत्येकीवर अर्लीनच्या अक्षरात वर्ष आणि महिना. शेल्बीचा आवाज उतरला. "अर्लीनमावशी असत्या तर बखोट धरून नेलं असतं तुम्हाला. पहिल्या निवडणुकीत आई आणि मावशी सगळा मिल रोड पायी फिरल्या होत्या. पत्रकं मी वाटली. सतरा वर्षांची होते, पायाला फोड आले."

"कुणाची पत्रकं?"

"तुमची! आणखी कुणाची?"

"ते सगळं व्हर्नने केलं होतं."

"व्हर्नकाकांनी?" शेल्बीने भुवया वर केल्या. "ते तुमच्याबरोबर अलास्कात होते ना तेव्हा?"

होताच. त्याच बोटीवर, वरच्या बंकमध्ये, घोरत. चोवीस वर्षांत रेइनोच्या हे डोक्यात आलं नव्हतं. आपण समुद्रावर असताना आपला प्रचार कुणी केला? तो आपोआप झाला असावा, जसं घरी परतल्यावर लाकडं फोडून रचलेली असायची आणि पोरी एक इयत्ता पुढे गेलेल्या असायच्या.

"तिला मंडळाचा राग यायचा," तो म्हणाला. "दर मंगळवारी म्हणायची, निघाले बंदराचे राजे."

"तो नंतरचा राग." शेल्बीने बुटाचं टोक पायरीवर घासलं. "आईला काय म्हणाल्या होत्या सांगू? महिन्यातून दोन मंगळवार सभा असते, म्हणाल्या. मंगळवारी हा माणूस घरी असायला लागला की बुधवारीही असेल."

रेइनोने ओळीतली एक बरणी उगीच सरळ केली. शेल्बीने ताणलं नाही. "उद्या साडेचार," ती म्हणाली, "नाहीतर मी स्वतः गाडीत घालून नेईन." आणि पायर्‍या उतरून गेली.

*

त्या पहिल्या निवडणुकीनंतरच्या जानेवारीत त्याने शपथ घेतली आणि मार्चमध्ये अलास्कातल्या बोटीतला आपला वाटा विकला. दुसर्‍या आणि चौथ्या मंगळवारी सभेला बसायचं तर तिकडे जाणं शक्यच नव्हतं. लोक म्हणाले, गावासाठी रेइनोने केवढं सोडलं. त्यालाही तसंच वाटलं. त्याने एक लहान बोट घेतली, नदीच्या मुखापासून फार लांब न जाता खेकडे धरू लागला आणि लग्नानंतर चोवीस वर्षांनी पहिल्यांदा ओळीने चाळीस रात्री घरी झोपला. त्या वसंतात अर्लीन स्वयंपाकघरात गात असे. त्याने विचारलं होतं, आज काय विशेष? ती म्हणाली होती, काही नाही, बटाटे छान निघालेत.

म्हणजे ती खुर्ची त्याला गावाने दिलीच नव्हती. ती बायकोने मिळवून दिली होती, घरोघरी पायपीट करून आणि ते पुरेना तेव्हा त्याच्या नावाने सही ठोकून. एवढा खटाटोप कशासाठी, तर नवरा संध्याकाळी जेवायला घरी असावा म्हणून.

आणि त्याने काय केलं? समुद्र सोडला आणि बंदर धरलं. आधी दोन मंगळवार, मग समित्या, मग गाळ उपसायच्या बैठका, मग राजधानीला चकरा, मग उगीचच सकाळी धक्क्यावर, जेवायला कॅफेत आणि संध्याकाळी रुळापाशी कुणाची बोट वर येतेय ते बघत. गेल्या जानेवारीत अर्लीन अंथरुणावर असतानाही चौथ्या मंगळवारी तो सभेला गेला होता. अर्ध्या तासात येतो म्हणाला आणि सव्वादोन तासांनी आला. ती जागी होती. तिने विचारलं होतं, रुळाचं काय झालं? आज ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली, अशी की कान तापले. बुधवार तिला कधी मिळालाच नाही.

बराच वेळ तो बरण्यांकडे बघत बसला. उरलेली प्रचारपत्रकं खुर्चीवर होती. त्यातलं एक ओढून त्याने उलटं केलं आणि पेन घेतलं.

पहिली सही कुणा तिसर्‍याच माणसाची झाली. दुसरी रेघेकडे पळाली. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट पिंजर्‍याच्या दोरात सापडून कायमचं वाकडं झालेलं, ते फास घेताना आडवं यायचं. त्याने एक बरणी जवळ ओढली. तिच्यावर 'ऑगस्ट' लिहिलं होतं. तिने अक्षरं कशी जोडली आहेत ते तो प्रथमच बघत होता. एका अक्षरातून बाहेर पडताना ती पुढच्याची वाट आधीच करून ठेवायची. शेवटचं अक्षर ती संपवायची नाही, थोडं वर सोडून द्यायची. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हे अक्षर त्याने यादीत, चिठ्ठीत, बोटीवर आलेल्या पत्रांत वाचलं होतं, पण नुसतं पाहिलं कधी नव्हतं.

अंधार पडेपर्यंत चौदा पत्रकं भरली. सकाळी कॉफीबरोबर आणखी सहा. विसाव्या पत्रकावरची एक सही बरी होती. एकच. मग त्याने दाढी केली, सभेला घालायचा कोट घातला आणि निघाला. वाटेत त्याच्या मनात आलं की सरळ 'आर' आणि रेघ काढून मोकळं व्हावं, कारणाच्या जागी 'वय' लिहावं, कुणी विचारणार नाही. खुर्ची नक्की मिळेल. ही दुसरी वाट म्हणजे चोवीस वर्षांची खुर्ची एका वाकड्या बोटावर टांगायची. पण मग त्या सगळ्या ओळी पडद्यावरून जाणार, नव्याण्णवपासूनच्या, आणि शेवटची ती थरथरलेली. शिवाय त्या खोट्या ठरणार. आणि त्याने स्वतः आज तशीच सही केली तर? मग ती त्याचीच सही. आजची, गेल्या वर्षीची आणि नव्याण्णवचीही. अर्लीनने कधी काही केलंच नाही.

कचेरीत आणखी कुणी नव्हतं. नोरीनने चष्मा वर ढकलला.

"पाकिटावरच्यासारखी ना?"

"अर्ज देतेस ना सही करायला? की तोंडी परीक्षा आहे?"

"अर्ज तुमच्याच खिशात आहे, कॅप्टन."

त्याने तो काढला, काउंटरवर पसरला, घडी हाताने सपाट केली. कोट काढून खुर्चीवर ठेवला. नोरीनने पेन पुढे केलं, ते न घेता त्याने स्वतःचं काढलं. मग वाकला. पहिलं अक्षर नीट आलं. दुसर्‍याला हात घाई करू लागला, जन्माची सवय, तर त्याने श्वास रोखून त्याला आवरलं, बोट वळणावर आणताना जसा वेग कमी करतात तसा. आडनावापाशी बोट आडवं आलं. त्याने मनगट थोडं फिरवलं, फास वर गेला, उजवीकडे वळला, खाली आला. ओळ थोडी उतरली. शेवटचं अक्षर त्याने संपवलं नाही.

सरळ झाला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

नोरीनने अर्ज उचलून पडद्याशेजारी धरला. तिने वेळ घेतला. एकदा पडदा, एकदा कागद, पुन्हा पडदा. तिचं बोट एकेका तारखेवरून खाली आलं आणि सगळ्यांत शेवटच्या सहीपाशी थांबलं. रेइनो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. त्यावर कोणता महिना आहे हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"जुळतेय," नोरीन म्हणाली. तिने शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि अर्जावर मारला. "तुमचं मत मोजलं जाईल. उद्या दुपारी निकाल."

"बरं."

"फक्त आता प्रत्येक निवडणुकीला अशीच करावी लागेल. कायम."

"माहीत आहे."

त्याने कोट चढवला, बटणं लावली आणि दाराकडे निघाला. हात दांड्यावर असताना नोरीनने मागून हाक मारली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, शिक्क्याचं झाकण लावत होती.

"कॅप्टन, अजून जरा सावकाश करत जा," ती म्हणाली. "त्या कधी घाई करत नसत."